परमुलखात तापाने गेलेले

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्षभराच्या कामकाजाचा अहवाल आपण ऐकलात, हिशेबांना मंजुरीही दिलीत. त्यानंतर वैद्यकाशी संबंधित एखाद्या विषयावर काही विचार मांडावेत, असा आपल्या सभेचा परिपाठ आहे. यंदा आम्ही निवडलेला विषय प्रथमदर्शनी इतिहासाचा वाटेल, आणि रुग्णालयाच्या सभेत त्याचे काय प्रयोजन, असा प्रश्नही मनात येईल. म्हणून तो आम्हाला कसा सुचला, हे आधी सांगतो.

मागच्या पावसाळ्यात आष्टी तालुक्यातील एक वयोवृद्ध गृहस्थ हिवतापाने आजारी होऊन आपल्या आंतररुग्ण विभागात दाखल झाले होते. ताप उतरल्यावर गप्पांच्या ओघात ते म्हणाले, "आमच्या घराण्यात एक शिपाई होऊन गेला, डॉक्टर. चुलतपणजोबा. बसऱ्याच्या लढाईला गेले ते तिकडंच राहिले." आम्ही कौतुकाने अधिक चौकशी केली, तेव्हा त्यांचा आवाज खाली आला. "गोळी नाही लागली. हगवणीनं गेले म्हणतात." जणू घराण्याचे काही उणे उघड करावे लागले, अशा स्वरात त्यांनी हे वाक्य उच्चारले. शंभर वर्षे उलटून गेल्यावरही त्या घरात रणात पडणे हा मान आणि हगवणीने जाणे ही लाज, असा भेद शिल्लक होता. तो आमच्या मनाला लागून राहिला. आज जे सांगणार आहोत, ते त्या भेदाविषयी.

आपल्या जिल्ह्याला परक्या फौजा अपरिचित नाहीत. निजामाने १७९८ आणि १८०० साली इंग्रजांशी केलेल्या तहांनुसार या प्रदेशात तैनाती फौज आली. पुढे निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली 'हैदराबाद कंटिंजंट' उभी राहिली. जालना, औरंगाबाद, हिंगोली यांच्याबरोबरच आपले अंबाजोगाई, म्हणजे त्या काळचे मोमिनाबाद, हे तिच्या छावणीचे ठाणे होते. दूरदूरच्या मुलखांतून आलेले स्वार येथे राहिले आणि त्यांतील कित्येक येथेच मातीत मिळाले. फौज जेथे जाई तेथे आजार तिच्याबरोबर चालत जाई. १८१७ च्या नोव्हेंबरात बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत पटकीने हाहाकार माजवला आणि दुसऱ्याच वर्षी ती साथ दख्खनभर पसरली. शिपायाची तलवार जेथवर पोहोचली नाही, तेथवर त्याच्या पखालीतले पाणी पोहोचले.

१९०३ साली कंटिंजंटचे वेगळे अस्तित्व संपले आणि तिच्या पलटणी हिंदुस्थानच्या लष्करात सामील झाल्या. तिच्या रिसाल्यांतून बनलेला '२० वा डेक्कन हॉर्स' पहिल्या महायुद्धात फ्रान्सला आणि तेथून १९१८ साली पॅलेस्टाइनला गेला. निजामाने स्वतःच्या संस्थानातर्फे 'हैदराबाद लान्सर्स' हे घोडदळ वेगळे पाठवले. बीड जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, हे आपण जाणताच. नगर, पुणे, सातारा, रत्नागिरी हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात असल्याने तेथील मराठे थेट मराठा पलटणींत भरती होत. आष्टीची शीव नगरला लागून असल्याने तिकडच्या भरतीत इकडची मुलेही जाऊ शकत. कोणाचे युद्ध आणि कोण लढणार, हा प्रश्न त्या काळी कोणी शिपायाला विचारला नाही. पगार, पेन्शन आणि घरी चार रुपये, एवढे उत्तर त्याला पुरेसे होते.

मराठा पलटणींचे नशीब प्रामुख्याने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये फिरले. १९१५ च्या अखेरीस जनरल टाउनशेंड सहावी पुणे डिव्हिजन घेऊन बगदादवर चालून गेला. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. टेसिफोनच्या लढाईत चार हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली, आणि तेथूनच आमच्या विषयाला खरी सुरुवात होते. जखमींना नदीपर्यंत आणायला रुग्णगाड्या नव्हत्या. स्प्रिंग नसलेल्या, लोखंडी सांगाड्याच्या, खेचरांच्या दुचाकी गाड्यांतून मोडलेल्या हाडांची माणसे मैलोगणती आणली गेली. पुढचा प्रवास तैग्रिस नदीतून. 'मेजिदीए' नावाच्या बोटीवर शेकडो जखमी दाटीवाटीने उघड्या डेकवर ठेवून दोन आठवड्यांच्या सुमारास बसऱ्याला पोहोचवले गेले. त्यांच्या जखमांची, अंथरुणांची आणि शौचाची काय स्थिती होती, याचे वर्णन 'व्हरेला' या रुग्णनौकेवरील मेजर कार्टर या डॉक्टरांनी लिहून वरिष्ठांना दिले. ते येथे, आपल्यासमोर, आम्ही करू इच्छित नाही. मात्र त्याचे बक्षीस म्हणून कार्टर यांना अटकेची धमकी मिळाली, एवढे सांगणे अवश्य आहे. पुढे चौकशी आयोग नेमला गेला, जून १९१७ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. कार्टर यांनी लिहिले ते खरे ठरले.

टाउनशेंड माघार घेऊन कुत-अल-अमारा या गावी आला. ७ डिसेंबर १९१५ रोजी तुर्कांनी वेढा घातला, तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत टिकला. गावातील फौजेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहिर हे होते. योगायोग असा की, याच हेहिर यांनी पूर्वी निजामाच्या हैदराबादेत वैद्यकीय सेवेत काम केले होते आणि क्लोरोफॉर्मच्या गाजलेल्या पहिल्या हैदराबाद आयोगातही त्यांचा वाटा होता. कुतमध्ये त्यांच्या हाती औषधांपेक्षा रिकामे हातच अधिक होते.

येथे डॉक्टर म्हणून आम्हाला थोडे थांबावेसे वाटते, कारण कुतचा वेढा हा आहारशास्त्राचा एक क्रूर धडा आहे. गोऱ्या सैनिकांना पांढऱ्या मैद्याचा पाव मिळे. त्यांच्यात बेरीबेरी दिसू लागली. आपल्या शिपायांना कोंड्यासकट कणीक मिळे, म्हणून ते बेरीबेरीतून बचावले. पण भाजी नाही, फळ नाही, मांस नाही, त्यामुळे त्यांना स्कर्व्हीने गाठले. हिरड्या सुजून काळ्या पडत, जुने बुजलेले घाव पुन्हा उकलत, पाय गळून जात. गोऱ्यांनी घोड्याचे मांस खाल्ले. आपल्या शिपायांनी कित्येक आठवडे ते नाकारले. याला हेकटपणा म्हणणारे पुष्कळ झाले. आम्ही म्हणणार नाही. आपण हे खाल्ले असे गावी कळले तर जातभाई वाळीत टाकतील, लेकींची लग्ने कशी होतील, ही त्या माणसांची धास्ती होती. मरण समोर असताना ते घरच्या मुलीच्या लग्नाचा विचार करीत होते. बिनतारी यंत्रावरून हिंदुस्थानातील धर्मगुरूंची अनुमती मागवली गेली, ती मिळाली, तरी मन वळायला एप्रिल उजाडला. तोवर रोजची कणीक चार औंसांवर, म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्याही आत आली होती. दोन भाकऱ्यांचेही पीठ नाही. रानातला पाला वेचून शिजवून खाण्याचे प्रयोगही झाले.

याच संदर्भात एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट ह्यूम यांनी युद्धकाळात, १९१७ साली, प्रयोगांती दाखवून दिले की कोरड्या डाळीत स्कर्व्ही रोखण्याचा गुण नसतो, मात्र तेच कडधान्य भिजवून मोड आणले की तो गुण येतो. सैन्याला त्याप्रमाणे सल्लाही दिला गेला. मोड आलेली मटकी! ज्या घरांतून हे शिपाई गेले, त्या घरांतल्या बायका दर चार दिवसांनी फडक्यात मटकी बांधून ठेवीत होत्या. ते ज्ञान चुलीपाशी होते, लष्कराच्या कोठारापर्यंत पोहोचले नव्हते. आपल्या आहार विभागात रुग्णांच्या जेवणात उसळ का ठेवतात, असे मध्यंतरी एका नातेवाइकाने जरा नाराजीनेच विचारले होते. त्यांचे उत्तर आज दिले, असे समजावे.

वेढ्याच्या काळात कुतमध्ये आजाराने ७२१ माणसे गेली. शरणागती पत्करली तेव्हा १३,३०९ जण तुर्कांच्या हाती लागले. त्यांत २७७ गोरे अधिकारी, २,५९२ गोरे सैनिक, २०४ हिंदी अधिकारी, ६,९८८ हिंदी शिपाई आणि ३,२४८ 'फॉलोअर' होते. या शेवटच्या शब्दाकडे आपण लक्ष द्यावे. डोलीवाले, पखालवाले, खेचरवाले, स्वयंपाकी, झाडूवाले हे सारे त्यात येतात. हाती बंदूक नाही, पण गोळीच्या आणि आजाराच्या वाटेत तेही तितकेच उभे. सैनिकाच्या मदतीला गेलेला हा साहाय्यक, आणि त्याच्या मदतीला कोणीही नाही.

शरणागतीनंतर अत्यवस्थ अशा अकराशेच्या आसपास आजाऱ्यांची अदलाबदल होऊन ते खाली बसऱ्याकडे पाठवले गेले. उरलेल्यांना शुमरानच्या तळावर नेऊन तुर्की लष्कराची कठीण बिस्किटे देण्यात आली. महिनोन्महिने उपाशी असलेल्या देहाला एकाएकी असे अन्न मिळाले की काय होते, हे आपल्या बालविभागातील परिचारिका आपल्याला सांगतील. कुपोषित बालकाला आपण पहिल्या दिवशी पोटभर जेवू घालीत नाही, चमच्याचमच्याने, तासातासाने देतो. शुमरानला आतड्यांच्या विकाराने माणसे पटापट गेली. तुर्कांजवळ त्याहून चांगला शिधा फारसा नव्हता, त्यांचा स्वतःचा शिपाईही अर्धपोटी होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

तेथून बगदाद, बगदादहून समारापर्यंत आगगाडी आणि पुढे तिक्रित, मोसुल, निसिबिन असा ऐन उन्हाळ्यातील पायी प्रवास. बूट फाटलेले, पाणी नाही, मागे पडला तो राहिला. हिंदी कैद्यांपैकी बरेच जण रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपले गेले. तेथे उवांमधून पसरणाऱ्या टायफसची साथ आली. कल्याणकुमार मुखर्जी नावाचे एक तरुण बंगाली लष्करी डॉक्टर त्याच ठिकाणी कैद्यांवर उपचार करीत असता १९१७ साली तापानेच वारले. त्यांच्या आजीने, मोक्षदा देवींनी, उतारवयात नातवाची पत्रे एकत्र करून 'कल्याण प्रदीप' हे पुस्तक सिद्ध केले, म्हणून आज आपण त्यांचे नाव घेऊ शकतो. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरचे एक स्वयंसेवक शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांनी रास-अल-ऐन आणि अलेप्पो येथील रुग्णालयांत कैदी म्हणून शुश्रूषा केली आणि टिपणांचे कागद फाडून बुटांत दडवून ठेवले. 'अभि ले बगदाद' हे त्यांचे पुस्तक त्यातून पुढे उभे राहिले. मराठा शिपायांतील बहुतेकांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या आज्यांनाही.

कैदेत गेलेल्या हिंदी शिपाई व फॉलोअरांपैकी अडीच हजारांहून अधिक परत आले नाहीत. गोऱ्या सैनिकांचे प्रमाण याहून भीषण होते. त्यांच्यातील सुमारे साडेसतराशे, म्हणजे तिघांतील दोघे, गेले. दुःखाची ही तुलना आम्ही करीत नाही. संपूर्ण मेसोपोटेमियाच्या मोहिमेचा हिशेब पाहिला, तर रणांगणावर ठार झालेले ११,०१२ आणि आजाराने मेलेले १२,६७८ असा आहे. त्या चुलतपणजोबांच्या घरच्यांना हे दोन आकडे कोणी सांगितले असते, तर त्यांना आवाज खाली आणावा लागला नसता.

पॅलेस्टाइनकडे वळू. हैदराबाद लान्सर्स तेथे जोधपूर आणि म्हैसूर लान्सर्सच्या जोडीने १५ व्या घोडदळ ब्रिगेडमध्ये होते. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहर जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी जिंकले. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातील तिसरी मूर्ती हैदराबादची आहे. २०१८ साली त्या चौकाच्या नावात हैफा हा शब्द जोडला गेला. तेथे जाणारे मराठवाड्यातील पर्यटक ती पाहून पुढे जातात, आपल्या संस्थानचा स्वार म्हणून थबकणारा आम्हाला अजून भेटलेला नाही. असो. त्या विजयाच्या मागोमाग जे आले ते वैद्यकाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. इंग्रजांच्या बाजूच्या प्रदेशात डबकी बुजवून, नाले वाहते करून हिवताप आटोक्यात ठेवलेला होता. १९ सप्टेंबरला फौज शत्रूच्या मुलखात शिरली; तेथे असे काहीही केलेले नव्हते. डास चावल्यापासून ताप चढेपर्यंत दहा-पंधरा दिवस लागतात. फौज १ ऑक्टोबरला दमास्कसमध्ये दाखल झाली आणि त्या दिवसांतच स्वार घोड्यांवरून कोसळू लागले. त्यात इन्फ्लुएन्झाची भर पडली. जिंकलेल्या शहरात जिंकणाऱ्यांना झोपवायला खाटा नव्हत्या.

तीच इन्फ्लुएन्झाची साथ १९१८ च्या जून महिन्यात मुंबई बंदरातून हिंदुस्थानात शिरली होती. आपल्याकडील जुन्या माणसांच्या बोलण्यात तिचे नाव 'मानमोडी' असे आहे. देशभरात तिने एक कोटीहून अधिक बळी घेतले. परमुलखात गेलेला मुलगा तापाने गेला, आणि तो परत येईल म्हणून वाट पाहणारी आई त्याच तापाने गावी गेली, अशी घरे त्या वर्षी किती झाली असतील!

देणगीदारांच्या सभेत एक उल्लेख कर्तव्य म्हणून करतो. युद्धाच्या आरंभी ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी पुढाकार घेऊन एक जुनी प्रवासी आगबोट विकत घेतली आणि तिचे 'लॉयल्टी' नावाच्या रुग्णनौकेत रूपांतर केले. मुंबईत संग्रहालयासाठी बांधलेली नवी भव्य इमारत, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, युद्धकाळात लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. आयोगाच्या अहवालातील अनास्था आणि या खाटा, दोन्ही एकाच काळातील आहेत.

आता नावांविषयी. बगदाद जिंकणारा सेनापती जनरल मॉड नोव्हेंबर १९१७ मध्ये बगदादेतच पटकीने वारला. आजाराने त्याच्या आणि शिपायाच्या देहात भेद केला नाही. मॉडची छत्री बगदादच्या युद्ध-दफनभूमीत आहे. बसरा येथील स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. त्यांत गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, सुमारे तेहतीस हजार हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी दिली गेली. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील आपशिंगे या गावी आणि इतरत्र जे संगमरवरी शिलालेख इंग्रजांनी लावले, त्यांवरही या गावातून इतके गेले, इतके कामी आले, असेच आकडे आहेत. एप्रिल २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने स्वतःच्या चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध करून ही विषमता मान्य केली आणि क्षमा मागितली. नोंदवह्यांतील नावे आता संगणकावर पाहता येतात.

आमच्या रुग्णाच्या नातवासह आम्ही एका संध्याकाळी ती नावे चाळली. इंग्रज कारकुनाने कानावर पडेल तसे लिहिलेले मराठी नाव ओळखणे सोपे नव्हे. त्याच नावाचे अनेक शिपाई मिळाले. कोठे वडिलांचे नाव जुळे, तर गाव जुळत नसे. खात्रीने बोट ठेवावे असे एकही सापडले नाही. नातवाने ती पाने छापून घेतली आणि आजोबांच्या उशाशी ठेवली. आजोबांनी चष्मा लावून ती सगळी वाचली, मोठ्याने, एकेक करून. शेजारच्या खाटेवरचे रुग्णही ऐकत होते.

आपल्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर लक्षावधी माणसे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गुढीपाडव्याच्या सुमारास कोयते परत येतात, तेव्हा आपल्या बाह्यरुग्ण विभागात रक्तक्षय, हिवताप, अंगावर काढलेली गर्भाशयाची दुखणी यांची रीघ लागते. कोणी येतच नाही. तो फडावर गेला, तापाने गेला, असे सोबतचे लोक सांगतात. कोणत्या गावी, कोणत्या दवाखान्यात, कशाने, हे त्यांना ठाऊक नसते आणि आजवर आम्हीही लिहून घेत नव्हतो.

विश्वस्त मंडळाच्या संमतीने या वर्षीच्या नोंदवहीत आम्ही दोन रकाने वाढवले आहेत. हंगामात रुग्ण कोठे होता, हा एक. घरातील कोणी बाहेरगावी आजाराने दगावले असल्यास त्याचे पूर्ण नाव, गाव आणि आजार, हा दुसरा. नोंदणी कक्षातील भगिनी हे विचारतील तेव्हा नातेवाइकांनी कृपया रागावू नये, आणि नाव सांगताना वडिलांचे नाव व गाव अवश्य सांगावे.